परराज्यातला जामीनदार

आमचा जिल्हा गोव्याला लागून आहे. इकडची माणसं तिकडे कामाला जातात, तिकडची थोडीफार इकडे येतात, सोयरिकी दोन्हीकडे होतात आणि भांडणंही. मी लोक अभिरक्षक कार्यालयात काम करते. ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींचे खटले चालवणारी ही विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी. एका दुपारी मनोरुग्णालयातल्या समाजसेविकेचा फोन आला. म्हणाली, “मॅडम, तुमच्या कोर्टाचा एक माणूस आमच्याकडे आहे. त्याचा भाऊ त्याला न्यायला तयार झालाय. पाठवू का तुमच्याकडे?”

तुमच्या कोर्टाचा माणूस! मी शिरस्तेदारांना विचारलं, तर असा कुणी बोर्डावर, म्हणजे चालू प्रकरणांच्या यादीत, नव्हता. तुरुंगाकडून कच्च्या कैद्यांची जी यादी येते तिच्यातही नव्हता, कारण तो तुरुंगात नव्हताच. दोन दिवसांनी फाइल सापडली ती डॉर्मंटच्या, म्हणजे बाजूला ठेवलेल्या प्रकरणांच्या, गठ्ठ्यात, फरार आरोपींच्या फायलींबरोबर. आरोपी पळालेला नव्हता. तो कुठे आहे हे सरकारला पक्कं ठाऊक होतं, सरकारच त्याला दोन वेळचं जेवण देत होतं. पण खटला स्थगित, म्हणून फाइल बाजूला.

प्रकरण २०१७ चं. आरोपी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला, तेव्हा वय सत्तावीस. आमच्याकडच्या एका काजू कारखान्यात बी वाफवायच्या बॉयलरवर कामाला होता. काजूची बी आधी वाफेवर शिजवतात, मग सुकवून कटिंगला बसलेल्या बायका ती फोडतात. त्याचं काम पहाटेचं, एकट्याचं, भट्टीजवळचं. त्याला वाफेतून बोलणं ऐकू यायला लागलं. मुकादम रोज वाफेत काहीतरी सोडतो आणि ते आपल्या अंगात शिरतं, अशी त्याची खात्री झाली. दोन महिने तो घरी फोनवर हेच सांगत होता, आणि घरचे “परतून ये” एवढंच म्हणत होते. मे महिन्यातल्या एका सकाळी त्याने लाकडं फोडायच्या कोयत्याने मुकादमावर वार केले. मुकादम वाचला. डाव्या हाताची दोन बोटं गेली, खांद्याला टाके पडले. आरोपी तिथेच बसून राहिला. पोलिस आले तेव्हा त्याने आधी बॉयलर बंद करायला सांगितलं. पंचनाम्यात तसं लिहिलेलं आहे.

भारतीय दंड विधानाची कलमं ३०७ (खुनाचा प्रयत्न) आणि ३२६ (घातक हत्याराने गंभीर दुखापत) लागली. २०१८ मध्ये दोषारोप वाचून दाखवले आणि “गुन्हा कबूल आहे का?” असं विचारलं, तेव्हा त्याने जे उत्तर दिलं ते रोजनाम्यात आहे: “वाफ बंद झाल्यावर सांगतो.” तेव्हाच्या न्यायाधीशांनी त्याला तपासणीला पाठवलं, डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचं निदान केलं आणि तो स्वतःचा बचाव करायला सक्षम नाही असं कळवलं. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२९ खाली खटला थांबला. हमी द्यायला कुणी आलं नाही, म्हणून कलम ३३० च्या दुसऱ्या पोटकलमाखाली त्याला मनोरुग्णालयात ठेवायचा आदेश झाला. त्यानंतर रोजनाम्यात ओळी आहेत त्या एकाच मजकुराच्या: अहवाल प्राप्त, आरोपी अद्याप अक्षम, प्रकरण पुढे.

इथे थोडा कायदा सांगायला हवा, कारण शिकलेल्या माणसांचाही यात घोटाळा होतो. वेडाच्या भरात गुन्हा केला म्हणून सुटणं वेगळं आणि आज खटला चालवण्याजोगी मनःस्थिती नाही म्हणून खटला थांबणं वेगळं. पहिल्याचं कलम जुन्या दंड विधानात ८४ होतं, आता न्याय संहितेत २२ आहे. त्याचं मूळ १८४३ च्या मॅकनॉटन खटल्यात. ब्रिटिश पंतप्रधान पीलचा चिटणीस ड्रमंड याला मॅकनॉटनने गोळी घातली, तो निर्दोष ठरला आणि मरेपर्यंत वेड्यांच्या इस्पितळात राहिला. आपण जे कलम घेतलं त्यात प्रश्न एकच असतो: कृत्य करताना, आपण काय करतोय किंवा ते चूक आहे, बेकायदा आहे, हे त्याला कळत होतं का? आजार होता एवढं पुरत नाही, आणि सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर. तरी ती शंभर नंबरी पुराव्याची नाही, दिवाणी दाव्याइतकी संभाव्यता पुरते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये गुजरातच्या दह्याभाई ठक्कर खटल्यात सांगून ठेवलंय. महाराष्ट्रातल्याच एका पोलिस शिपायाला २००२ मध्ये याच कलमाखाली सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सोडलं गेलं. खालच्या दोन्ही न्यायालयांनी त्याला पत्नीच्या खुनासाठी दोषी धरलं होतं.

पण हे सगळं खटला चालला तर. माझ्या माणसाच्या बाबतीत ती पायरीच आली नव्हती. तो दोषीही नव्हता, निर्दोषही नव्हता. आसामच्या मचल लालुंग यांची गोष्ट वकिली करणाऱ्यांना माहीत असते. १९५१ मध्ये अटक, तेजपूरच्या मनोरुग्णालयात रवानगी आणि सुटका २००५ मध्ये, खटला न चालताच. चोपन्न वर्षं. आपण ती अजब घटना म्हणून ऐकतो आणि सोडून देतो. माझ्या समोरच्या फायलीत सात वर्षं होऊन गेली होती, आणि ती चोपन्न व्हायला काहीही नवं घडायची गरज नव्हती. होतं तसंच चालू राहिलं असतं तरी पुरे होतं.

भाऊ आला तो पांढरा शर्ट घालून, कागदांची प्लास्टिकची पिशवी घेऊन. मोपा विमानतळ सुरू झाल्यावर पेडण्याच्या बऱ्याच जणांनी तिथे टॅक्सी लावली, त्यातलाच हा. वडील गेल्यावर घराची जबाबदारी त्याच्यावर आली होती आणि आत्ता कुठे हाताला पैसा लागला होता. “बाई, ह्येका घराक न्हेवचो आसा. काय काय कागद होये ता सांगा.” मी विचारलं, इतकी वर्षं का नाही आलात? तो म्हणाला, वकील म्हणाले होते बरा झाल्याशिवाय सोडत नाहीत.

नेमकं इथेच पाणी मुरत होतं. कलम ३३० ला २००९ पासून जे नवं रूप आलं, आणि आता जुन्या प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ३६९ म्हणून जे आहे, ते बरं होण्याची अट घालतच नाही. गुन्हा जामीनपात्र असो की नसो, खटल्याला अक्षम ठरलेल्या आरोपीला जामिनावर सोडावं असं ते म्हणतं. अटी दोन. आजार रुग्णालयात भरती ठेवण्याइतका नसावा. आणि मित्राने किंवा नातेवाइकाने हमी घ्यावी की मी याला जवळच्या वैद्यकीय केंद्रात बाह्यरुग्ण म्हणून नियमित उपचार देईन आणि त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू देणार नाही. न्यायालयाला जामीन देणं योग्य वाटलं नाही किंवा हमी मिळाली नाही, तरच त्याला उपचार मिळतील अशा जागी ठेवायचं. खटला चालवायला सक्षम आहे का हा एक प्रश्न. खाटेची गरज आहे का हा दुसरा. आमच्या फायलीत सात वर्षं पहिल्याचं उत्तर येत होतं आणि तेच दुसऱ्याचं म्हणून वाचलं जात होतं.

सुनावणीच्या दिवशी पोलिस पार्टी त्याला घेऊन अकराच्या सुमाराला आली. मी त्याला त्याआधी रुग्णालयात भेटले होते, पण तिथे तो सगळ्यांसारख्या कपड्यांत होता. इथे त्याला भावाने आणलेला चौकड्यांचा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा तशाच होत्या. तो बाकावर बसला आणि पंख्याकडे पाहत राहिला. भावाने विचारलं, “वळाखलंस?” त्याने मान हलवली आणि भावाच्या मनगटावरचं घड्याळ बोटाने फिरवून पाहिलं. वडिलांचं होतं म्हणे.

सरकारी वकिलांनी अर्जाला लेखी हरकत घेतली होती. आरोप गंभीर, आरोपी परराज्यातला, पळून जाण्याची शक्यता, जखमीच्या जिवाला धोका. हरकतीचा मसुदा ठरावीकच होता, पण शेवटचा मुद्दा ठरावीक नव्हता आणि मी तो हलका धरला नव्हता. मुकादम त्या दिवशी कोर्टात आला होता. कुणी बोलावलं नव्हतं, कुठून तरी ऐकून आला होता. मागच्या बाकावर, डावा हात मांडीखाली दाबून बसला होता.

डॉक्टरांना साक्षीसाठी बोलावलं होतं. वयस्कर, बारीक आवाजाचे, हातात गठ्ठाभर केसपेपर. पहिले प्रश्न सरकारी वकिलांचे.

“आज आरोपी खटल्याला सामोरा जायला सक्षम आहे?”

“नाही.”

“कशावरून म्हणता?”

डॉक्टरांनी कागद पाहून सांगितलं. हे कोर्ट आहे हे त्याला समजतं. समोर न्यायाधीश आहेत, आपल्यावर मारल्याचा आरोप आहे, हेही समजतं. साक्षीदार खोटं बोलला तर वकिलाला सांगशील का, असं विचारलं तर तो म्हणतो, त्याची गरज नाही, सगळं वाफेत लिहिलेलं आहे, तिथून ते आपोआप कोर्टात येतं. औषधाने आवाज जवळजवळ थांबलेत, झोप, जेवण, स्वच्छता सगळं ठीक आहे, स्वयंपाकघरात भाजी निवडायला जातो. पण हा जो समज आहे तो जात नाही आणि जाईल असं त्यांना वाटत नाही.

सरकारी वकील समाधानाने खाली बसले. माझे प्रश्न थोडेच होते.

“डॉक्टर, त्याला रुग्णालयात भरती ठेवण्याची आज गरज आहे का?”

“नाही.”

“केव्हापासून नाही?”

त्यांनी मागे पानं उलटली. “जून २०२२ पासून तसा शेरा आहे. त्याआधीही असेल, पण लिहिलेला तेव्हापासून.”

न्यायाधीश मॅडमनी लिहायचं थांबवलं. “मग तो अजून तिथे का आहे?”

“कोर्टाचा आदेश आहे म्हणून, मॅडम.”

“तुम्ही हे कळवलं का नाही?”

“दर तिमाही अहवालात कळवतो. स्थळप्रत आहे माझ्याकडे.”

स्थळप्रती, म्हणजे रुग्णालयाने स्वतःकडे ठेवलेल्या नकला, बेंच क्लार्ककडे गेल्या. फायलीतली पत्रं बाजूला ठेवून ताडून पाहिली. डॉक्टरांचा अहवाल दीड पानी होता, इंग्रजीत, आणि शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलेलं होतं की रुग्णाला घरी ठेवून उपचार शक्य आहेत, नातेवाइकांचा शोध घ्यावा. तो अहवाल वाटेत एका कचेरीतून यायचा. तिथे त्याचं एका ओळीचं मराठी पत्र व्हायचं: “आरोपी अद्याप अक्षम असल्याचे वैद्यकीय अधिकारी यांनी कळविले आहे.” मूळ अहवाल सोबत जोडलेला नसायचा. कुणी मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. पत्राचा नमुना कधीतरी ठरला असेल, त्यात तेवढीच जागा होती आणि प्रत्येक नवा कारकून तीच ओळ टंकत गेला.

मॅडम काही क्षण गप्प होत्या. मग त्यांनी स्वतः सगळ्या स्थळप्रती वाचल्या, एकेक, तारखेसकट, आणि प्रत्येकीची नोंद साक्षीत घेतली. त्याला अर्धा तास लागला. कोर्टात कुणी बोललं नाही, फक्त आरोपीने मध्येच एकदा पंख्याचा वेग कमी करायला सांगितलं आणि पट्टेवाल्याने तो केला.

जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरांशी व्हरांड्यात बोलणं झालं. त्यांनी तरुणपणी काही वर्षं इंग्लंडात नोकरी केली होती, अशाच गुन्हेगार रुग्णांच्या बंदिस्त वॉर्डात. मी विचारलं, तिकडे माझ्या माणसाचं काय झालं असतं?

ते म्हणाले, तिकडे आरोपी अक्षम ठरला तरी खटला तिथल्या तिथे गोठत नाही. सक्षमतेचा निर्णय न्यायाधीश देतात आणि मग ज्यूरी एवढंच ठरवते की त्याने ते कृत्य केलं का. शिक्षेचा प्रश्न नाही, मनात काय होतं याची चर्चा नाही. केलं नसेल तर तो मोकळा. केलं असेल तर न्यायालयापुढे वाटा तीनच: रुग्णालयाचा आदेश, देखरेखीचा आदेश किंवा पूर्ण सुटका. आपल्याकडे अक्षम आरोपीविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावाच नसेल तर त्याला सोडून द्यावं एवढी तरतूद आहे, पुढे काही नाही. रुग्णालयाच्या आदेशावर निर्बंधाचा आदेश चढला तर मात्र तिकडचं सगळं फार कडक. “पेशंटला गावात चहा प्यायला सोडायचं तरी गृह मंत्रालयाची परवानगी लागायची. मी पत्रं लिहून कंटाळायचो.” पण त्यांचं एक न्यायाधिकरण असतं, न्यायाधीश, मानसोपचारतज्ज्ञ आणि तिसरा सदस्य. रुग्ण ठरावीक मुदतीनंतर तिथे अर्ज करू शकतो, आणि त्याने केला नाही तरी तीन वर्षांत एकदा प्रकरण आपोआप तिथे जातं. सशर्त सोडलेला रुग्ण बिघडला तर त्याला परत बोलावताही येतं. “तिथेही माणसं वर्षानुवर्षं पडून राहतात हो. पण ‘अजून का?’ असं विचारायची कुणाची तरी नोकरी असते.”

अमेरिकेत हा प्रश्न १९७२ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. इंडियाना राज्यातला जॅक्सन नावाचा मूकबधिर, मतिमंद माणूस, दोन चोऱ्यांचा आरोप, ऐवज सगळा मिळून नऊ डॉलरचा. तो सक्षम होईपर्यंत त्याला डांबायचं ठरलं, म्हणजे जन्मभर, कारण तो सक्षम होणारच नव्हता. न्यायालय म्हणालं, निव्वळ अक्षमतेच्या कारणावरून असं अनिश्चित काळ ठेवता येणार नाही. सक्षम होण्याची खरीखुरी शक्यता आहे का हे पाहायला जेवढा वाजवी काळ लागेल तेवढाच, नंतर एक तर दिवाणी मार्गाने भरती करा, नाही तर सोडा. आपल्याकडेही २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने पुनर्विलोकन मंडळं आणली, तुरुंगातल्या आजारी कैद्यांसाठी कलम १०३ आणलं, आणि केवळ घरचे नेत नाहीत म्हणून कुणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही असं कलम १९ मध्ये लिहिलं. कायदा चांगला आहे. पण फौजदारी न्यायालयाचा आदेश असलेल्या माणसाला बाहेर काढायची वेळ आली की गाडी फिरून त्याच थांब्यावर येते: हमी घ्यायला नातेवाईक कोण? इंग्लंडात दार न्यायाधिकरण उघडतं, आपल्याकडे भाऊ उघडतो. भाऊ नसेल तर काय, याचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

दुपारनंतर भावाची पाळी आली आणि दोन राज्यांची खरी गंमत तिथे सुरू झाली. बेंच क्लार्कने जामीनदाराचा सातबारा मागितला. भावाने पिशवीतून कागद काढला.

“हे काय?”

“एक-चौदाचा उतारा.”

गोव्यात सातबारा नसतो, फॉर्म एक आणि चौदा असतो. क्लार्कने तो उलटसुलट केला, आठ-अ शोधला. ऐपतीचा दाखला तहसीलदाराचा हवा होता, याच्याकडे मामलेदाराचा होता. आमच्याकडे मामलेदार आता लोकांच्या बोलण्यातच उरलाय, गोव्यात तो अजून सही-शिक्क्यानिशी बसतो. सरकारी वकिलांनी हरकत घेतली की परराज्यातल्या मालमत्तेची पडताळणी आपली यंत्रणा करू शकत नाही, स्थानिक जामीनदार द्यावा. मी मोतीराम खटला पुढे केला. १९७८, मध्य प्रदेश. एका गवंड्याला दहा हजारांचा जामीन सांगितला होता आणि भाऊ जामीन राहायला आला तर दंडाधिकाऱ्यांनी नाकारला, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेव्हा विचारलं होतं की जामीनदार याच जिल्ह्यातला हवा असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? इथे तर गोवा आणि आम्ही एकाच मुंबई उच्च न्यायालयाखाली येतो. मॅडम म्हणाल्या, मालमत्तेचं सोडा, आधी माणूस बघू या.

माणूस बघताना दुसरीच गाठ निघाली. उताऱ्यावर भावाबरोबर त्याच्या बायकोचं नाव. गोव्यात लग्न, वारसा वगैरेंना पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदाच चालतो. फौजदारी कायदा मुक्तीनंतर भारताचा आला, पण घरातला कायदा तोच राहिला. बहुतेक जोडप्यांची मालमत्ता सामाईक असते आणि नवऱ्याला ती एकट्याने कशाला अडकवता येत नाही, बायकोची संमती लागते. वहिनी बाहेर झाडाखाली टॅक्सीत बसली होती. तिला आत बोलावलं.

मॅडमनी विचारलं, तुमची या जामिनाला संमती आहे का?

ती म्हणाली, “जेवाण रांदतलंय मी, गोळयो दितलंय मी, आणि माका आजपर्यंत कोणी इचारल्यान नाय.”

बेंच क्लार्क हसला, मॅडम हसल्या नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाल्या, आता मी विचारते. आणि खरंच विचारलं. गोळ्या किती आहेत? कधी द्यायच्या? घेतो म्हणून सांगून त्याने थुंकल्या तर कसं कळणार? घरात मुलं किती? कोयता, विळी कुठे असते? तो पुन्हा वाफेचं बोलायला लागला तर पहिल्यांदा कुणाला फोन कराल? वहिनीला सगळी उत्तरं येत नव्हती. विळी स्वयंपाकघरातच असते म्हणाली, दुसरीकडे कुठे असणार. फोन भावाला करीन म्हणाली. मॅडम म्हणाल्या, भाऊ विमानतळावर असेल, डॉक्टरांना करायचा. डॉक्टरांनी तिथेच समाजसेविकेचा नंबर लिहून दिला. मुलं दोन, मोठी मुलगी दहाची. मुलीला काका आवडायचा, ती दोन वर्षांची असताना तो तिला खांद्यावर घेऊन जत्रेला गेला होता, हेही तिने सांगितलं, कुणी विचारलं नसताना. आणि मग म्हणाली, पहिले काही महिने मुलगी आजीकडे झोपेल. मला तिचं हे शेवटचं वाक्य सगळ्या हमीपत्रापेक्षा भरवशाचं वाटलं.

जवळचं वैद्यकीय केंद्र म्हणजे कुठलं, यावर थोडा वेळ गेला. आमच्या रुग्णालयापासून पेडणे लांब, महिन्याला ये-जा परवडणारी नाही. शेवटी गोव्यातल्याच बांबोळीच्या मानसोपचार संस्थेचं नाव ठरलं. मग मॅडमनी सगळ्यात अवघड प्रश्न विचारला आणि तो माझ्याकडे बघून विचारला: औषधं थांबली तर मला इथे बसून कसं कळणार? तिथल्या डॉक्टरांवर माझा हुकूम चालत नाही. मी सांगितलं ते पुस्तकी होतं: दर तीन महिन्यांनी उपचाराचा कागद जामीनदाराने सादर करावा, नाही केला तर जामीन रद्द होऊ शकतो. त्या म्हणाल्या, म्हणजे वॉरंट काढून त्याला पुन्हा आजारी अवस्थेत धरून आणायचं. मी म्हटलं, होय. इंग्लंडात आहे तशी सोडल्यानंतरची देखरेख, वेळेत परत बोलावून दाखल करून घेण्याची सोय, आपल्या संहितेत नाही. आहे ते वॉरंटच. त्यांनी स्वतःची एक अट वाढवली: मनोरुग्णालयाने बांबोळीला उपचाराचा पूर्ण इतिहास पाठवावा आणि त्याची प्रत थेट न्यायालयाला द्यावी, मधल्या कुठल्याही कचेरीमार्फत नव्हे. तो “थेट” शब्द त्यांनी अधोरेखित करून टंकायला सांगितला.

आदेश व्हायच्या आधी त्यांनी मुकादमाला पुढे बोलावलं. तो म्हणाला, माझी तक्रार नाही, तो आजारी होता हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पण मग माझी केस खय गेली? सात-आठ वर्षं पोलिस म्हणतात, कोर्टात आहे. कोर्ट म्हणतं, थांबली आहे. कारखान्याच्या मालकाने टाक्यांचे पैसे दिले, पुढे कटिंगचं काम जमेना म्हणून काढून टाकलं. “ह्येनी माका मारल्यान की नाय, इतक्या तरी कोणीतरी लिवून देवचा.”

हे त्याचं मागणं त्या क्षणी कुणाच्याच हातात नव्हतं. इंग्लंडातली ज्यूरी हेच लिहून देते, आणि दुपारी ऐकलेलं डॉक्टरांचं बोलणं मला तेव्हा नीट समजलं. आमच्याकडे आरोपी सक्षम होईपर्यंत ते कुणी लिहिणार नाही, आणि तो कदाचित कधीच होणार नाही. मॅडमनी त्याला एवढं सांगितलं की आरोपी गोव्यात राहील, तुमच्या तालुक्यात यायला त्याला मनाई असेल, आणि तुम्हाला नुकसानभरपाईसाठी खटला संपायची वाट पाहावी लागत नाही. पीडितांसाठीची योजना आहे, विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. ही गोष्ट त्याला आजवर कुणी सांगितलेली नव्हती.

आदेश साडेपाचला सही झाला. सुटकेचं पत्र घेऊन पोलिस पार्टी आरोपीला परत रुग्णालयात घेऊन गेली, तिथली कागदपत्रं पूर्ण करून दुसऱ्या दिवशी ताबा मिळणार होता. भाऊ आणि वहिनी मुक्कामाला बांद्याला एका नातेवाइकाकडे गेले. पोलिसांच्या गाडीत बसताना आरोपीने भावाला विचारलं, घराकडे बॉयलर आहे का? भाऊ म्हणाला, चूल आहे, गॅस आहे. त्याला ते पटल्यासारखं दिसलं.

मुकादमाचा अर्ज मी लिहू शकत नव्हते, कारण मी आरोपीची वकील. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या एका वकील मैत्रिणीला मी थांबवून ठेवलं होतं. तिने त्याला समोर बसवून अर्ज भरायला घेतला. एफआयआरची प्रत त्याच्या खिशात होती, पार घडीवर फाटलेली. डिस्चार्ज कार्डही होतं. अपंगत्वाचा दाखला नव्हता, कुणी काढायला सांगितलाच नव्हता. जिल्हा रुग्णालयात त्यासाठीचं वैद्यकीय बोर्ड कुठल्या वारी बसतं ते तिने फोन करून विचारलं आणि बुधवारी आधारकार्ड व दोन फोटो घेऊन यायला सांगितलं.